‘पाच गावरान कोंबड्या, रोज पाच अंडी, खर्च शून्य’: हा हिशेब कुठे चुकतो

गावोगावच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: अंगणात पाच गावरान कोंबड्या सोडा, सोबत एक कोंबडा ठेवा, कारण कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत. खाद्य विकत आणू नका, घरातलं खरकटं पुरतं. खुराड्याची गरज नाही, त्या झाडावर बसतात. गावरानला रोग होत नाही, हळद-लसणाचं पाणी पाजलं की लसही नको. रोज पाच अंडी मिळतील, तीही पोल्ट्रीच्या अंड्याच्या दुप्पट प्रोटीनची. खर्च शून्य.

परसात चार कोंबड्या असाव्यात असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा मेसेज खोडून काढणं गरजेचं आहे. त्याच्या भरवशावर लोक कोंबड्या आणतात, त्या मरतात, आणि मग ‘आपल्याला हे जमणारं नाही’ म्हणून कायमचा नाद सोडतात.

आधी ‘रोज पाच अंडी’ बघू. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 80 अंडी देते. पाच कोंबड्यांची मिळून झाली 300 ते 400, म्हणजे घरात सरासरी रोज एक अंडं. तेही रोज नेमाने नाही. एक अंडं तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात, त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि मधूनच एक दिवस कोरा जातो. दहा-पंधरा अंडी झाली की गावठी कोंबडी खुडूक होते. पिसं फुगवून बसते, हात नेला की टोचते, दिवसभरात जेमतेम एकदा दाणापाण्याला उठते. खाली अंडी ठेवली तर 21 दिवस उबवणार, पुढे पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्यामागे फिरणार. तेवढे दिवस अंडी बंद. पिसं झडायच्या दिवसांतही बंद. अंडी भरपूर यायला 14 तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस असतो जेमतेम 11 तासांचा. थंडीत अंडी कमी झाली म्हणून कोंबडीला दोष देऊ नका.

पिल्लं नको असतील तर अंडी रोजच्या रोज उचला. खुडूक बसलीच तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा. दाणापाणी पूर्ण द्या. काही जण तिला पाण्यात बुचकळतात. तसं करू नका.

अंडीच हवी असतील तर सुधारित जात घ्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसबागेसाठी तयार केलेली ग्रामप्रिया नीट सांभाळली तर अंगणातही वर्षाला दीडशेच्या पुढे अंडी देते. पण ती सहसा खुडूक बसत नाही. म्हणजे पुढची पिल्लं विकतच आणावी लागतात, आणि आई नसल्याने पहिले काही आठवडे त्यांना बल्बची ऊब द्यावी लागते.

कोंबडा फक्त पिल्लांसाठी लागतो. तो नसला तरी कोंबडी अंडी देतेच, फक्त ती उबत नाहीत. शेजाऱ्यांची झोप मोडत असेल तर खुशाल कोंबड्याशिवाय पाळा.

दुप्पट प्रोटीनचं म्हणणं तर उलटंच आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पौष्टिकतेचा त्याच्याशी संबंध नाही. बलक गर्द पिवळा होतो तो पाला आणि पिवळा मका खाल्ल्याने. पोल्ट्रीच्या 50-55 ग्रॅमच्या अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रोटीन असतं. गावठी अंडं आकाराने लहान, त्यामुळे नगामागे त्यात प्रोटीन थोडं कमीच भरतं. चव आवडते म्हणून खा, ते कारण पुरेसं आहे.

आता खाद्य. मोकळी फिरणारी कोंबडी किडे, गांडुळं, सांडलेले दाणे, कोवळा पाला खाते, हे खरं. पावसाळ्यात तिचं बरंचसं भागतं. पण मार्च ते मे जमीन तापते तेव्हा ती काय वेचणार? भात आणि भाकरीचे तुकडे पोट भरतात, अंड्याला लागणारं प्रोटीन आणि कॅल्शियम देत नाहीत. एकेका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ते खाण्यातून मिळालं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होतं, अंडं खुराड्यातच फुटतं, आणि एकदा चव लागली की कोंबड्या आपलीच अंडी फोडून खायला लागतात. अंगणात चांगला चारा असला तरी अंड्यावरच्या कोंबडीला संध्याकाळी 40-50 ग्रॅम लेअर खाद्य (अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीचं तयार खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. पाच कोंबड्यांना महिन्याला सहा ते साडेसात किलो खाद्य झालं. तुमच्या तालुक्याच्या भावाने गुणा, शून्य येणार नाही. लेअर खाद्य लहान पिल्लांना मात्र देऊ नका, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आणि बुरशी आलेली भाकरी, मका, शेंगदाणे कोंबड्यांपुढे टाकू नका. बुरशीच्या विषाने त्या मरतात.

झाडावर बसणाऱ्या कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही. रानमांजर, उदमांजर, घुबड यांना ती आयतीच सापडते. मुंगूस तर दिवसाही येतं. कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट जागा, आत बसायला आडवा दांडा आणि अर्ध्या इंचाची वेल्ड जाळी एवढं हवंच. षटकोनी भोकांची मऊ जाळी कुत्री फाडतात.

सगळ्यात घातक वाक्य आहे ते रोगाचं. गावरान काटक असते, पण मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, काटकपणा बघत नाही. लस नसलेल्या कळपात ती शिरली की हिरवट हगवण लागते, चोच उघडी टाकून श्वास चालतो, मान पिळवटते, पाय लुळे पडतात आणि काही दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होऊ शकतं. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. हळद किंवा लसूण तो रोखत नाही.

रोखते ती लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठव्या आठवड्यानंतर त्याच रोगाच्या आर-टू-बी लसीचं इंजेक्शन पंखाखाली. थेंब घालायला अवघड काही नाही. पिल्लू मुठीत धरायचं, अंगठ्याने डोकं हलकेच कलतं करायचं, थेंब डोळ्यावर सोडायचा आणि ते पापणी मिटून थेंब आत घेईपर्यंत थांबायचं. लगेच सोडलं तर ते डोकं झटकतं आणि लस मातीत जाते. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवा, दवाखान्यातून लस बर्फाच्या थर्मासमधून आणा आणि सकाळच्या गारव्यात उरकून टाका. आजारी पक्ष्याला लस देऊ नका.

बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. आणि कळपात मर सुरू झाली तर उरलेल्या घाईघाईने आठवडी बाजारात नेऊन विकू नका, हे हात जोडून सांगतो. रोग एका गावातून पुढच्या दहा गावांत जातो तो असाच. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात फेकू नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. एकदम अनेक मेल्या तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा आणि ते सांगेपर्यंत मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी शिवू नका. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू निघाला होता, त्यामुळे ही धास्ती आपल्या राज्याला नवी नाही.