तोंड घालण्याची कला

गेल्या मंगळवारी आईचे डोळे दाखवायला अकोल्याला निघालो होतो. मूर्तिजापूरच्या अलीकडे पुलाच्या कामासाठी दुभाजकाकडची लेन बंद केली आहे आणि दोन लेनमधल्या गाड्यांना एकीतूनच पुढे जावे लागते. तेवढे अंतर पार करायला आम्हाला पन्नास मिनिटे लागली. याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटरची डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत सलग अंथरली गेली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता करणाऱ्यांनी नाव काढले. आता रस्ता वापरणाऱ्यांनी मागे राहू नये, म्हणून त्या पन्नास मिनिटांत मिळालेले ज्ञान आपल्यापुढे ठेवतो.

‘पुढे रस्ता अरुंद’ या फलकाकडे लक्ष देऊ नये. तो सरळमार्गी लोकांसाठी लावलेला असतो.

इंडिकेटर देण्याचा मोह टाळावा. बैलबाजारात सौदा रुमालाखाली बोटे दाबून होतो, तो काय उगाच? मनातला बेत चारचौघांत उघड करणाऱ्याचा भाव पडतो.

शेजारच्या लेनमधून कोणी आत शिरू पाहत असेल, तर समोरच्या ट्रकला इतके चिकटावे की मधून वेसणीची दोरीही जाऊ नये. आपली लेन आपल्या सातबाऱ्यावर चढलेली आहे आणि शेजारी आपला धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरायला आला आहे, अशी भावना मनात धरली की हे सहज जमते. वीतभर धुऱ्यासाठी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या तारखा करणाऱ्या आपल्या भागात ही भावना कोणाला शिकवावी लागत नाही.

रात्री अप्पर लाइट कायम ठेवावा. समोरच्याला दिसेनासे झाले की तो आपोआप नम्र होतो.

आता मुख्य विद्या. रांग लांब दिसली की तीत थांबू नये. स्टिअरिंग डावीकडे मारून सरळ शोल्डरवर, म्हणजे लेनबाहेरच्या कडेच्या पट्टीवर, उतरावे. शोल्डर बंद पडलेल्या गाडीसाठी आणि अडचणीच्या वेळेसाठी मोकळा ठेवायचा असतो, हा गैरसमज त्या दिवशी एका पांढऱ्या गाडीच्या मालकाने माझ्या डोळ्यांदेखत दूर केला. शोल्डरच्या कडेने कापसाची एक ट्रॉली जिनिंगकडे चालली होती. कापूस फाळक्यांच्या वर चांगला दोन हात चढवलेला, जुन्या लुगड्यांनी आवळून बांधलेला, आणि मागे रिफ्लेक्टरच्या जागी एक लाल फडके. हे गृहस्थ ट्रॉली आणि आमची रांग यांच्या मधून घुसले, तेव्हा लुगड्याचा काठ त्यांच्या आरशात अडकला, तरी ते थांबले नाहीत. लुगडे टरकन फाटले, कापूस रस्त्यावर सांडू लागला, आणि आरशाला चिकटलेला पुंजका मिरवत साहेबांनी पुढे जाऊन आमच्या लेनमध्ये गाडीचे तोंड आडवे घातले. ट्रॅक्टरवाला खाली उतरला आणि फाटलेल्या जागी स्वतःच्या दुपट्ट्याची गाठ मारू लागला. त्याने एक शिवीसुद्धा दिली नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

चांगल्या गोष्टीचे अनुकरण आपल्याकडे लवकर होते, त्यामुळे आणखी सात गाड्या शोल्डरवर उतरल्या. मग मागून 108 ची ॲम्ब्युलन्स आली. तिला निघायला जी एक बाजू होती, ती या आठ जणांनी भरून टाकली होती; सायरन वाजत होता आणि आठांतला प्रत्येक जण पुढच्याला हॉर्न मारून ‘तू सरक’ म्हणत होता. 2019 च्या कायदादुरुस्तीनंतर ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण तिथे होता कोण? हातात लाल झेंडी धरलेला कामावरचा एक पोरगा, आणि तोही घाबरून शंकूंच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. आत कोणी बाळंतीण होती, की फवारणीची विषबाधा झालेला मजूर होता, ते आम्हाला कळले नाही. तुमच्याच घरचे कोणी असते तर?

यात सल्ला कसला द्यायचा, डोंबलाचा! एवढी घाई होती कशाची? बोरगाव मंजूच्या अलीकडे तीच पांढरी गाडी धाब्यासमोर उभी होती आणि मालक बाजेवर बसून चहा पीत होते.

तुम्हाला पाळी कळत नाही असे मुळीच नाही. दोन भावांच्या सामाईक विहिरीवर आज तुझे पाणी, उद्या माझे, हे तुम्ही वर्षानुवर्षे पाळता. जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॉलीखाली रात्र काढून नंबर धरता आणि मधे कोणी ट्रॅक्टर घातला तर सगळे मिळून त्याला मागे लावता. मग स्टिअरिंग हातात आले की ही अक्कल जाते कुठे? दोन लेनची एक होते तिथे एक गाडी या लेनची आणि एक त्या लेनची, एवढेच तर करायचे असते. बंद होणाऱ्या लेनमधून शेवटपर्यंत आलेला माणूस चोर नव्हे. दोन्ही लेन भरल्या म्हणजे मागची रांग निम्मी होते. चोर तो, जो शोल्डरवरून येतो. आणि गावच्या फाट्यावरून महामार्गावर चढताना चालत्या गाड्यांना आधी जाऊ द्या. मान वळवून मागे पाहायला पैसे पडत नाहीत.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पांढऱ्या गाडीवरचा राग मी उजवीकडून रीतसर आलेल्या एसटीवर काढला आणि तिला दोनदा जागा दिली नाही. तिचा ड्रायव्हर खिडकीबाहेर हात काढून विचारत होता आणि मी समोर पाहत बसलो होतो. मोतीबिंदूमुळे पुढचा ट्रकही धड न दिसणारी माझी आई शेवटी म्हणाली, “येऊ दे ना त्याले, बाप्पा. किती वेळचा थांबला हाये थो.” मी ब्रेकवर पाय ठेवला. एसटी आत आली, ड्रायव्हरने हात वर केला. चार सेकंदही लागले नसतील.