नुसत्या भुग्याला माती म्हणत नाहीत

माती कशी तयार होते यावरच्या लेखात ‘खडक फुटून माती होते’ एवढ्यावरच भागवलंय, ते जरा खटकलं. फुटून मिळतो तो भुगा. भेगेत शिरलेलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं नि खडक उकलतो, इथवर ठीक. पण फेल्डस्पारसारख्या खनिजाची चिकणमाती होते ती किंचित आम्लधर्मी पाण्यामुळे, रासायनिक बदलातून. हे कण 0.002 मिलिमीटरहूनही बारीक. पाणी, पोटॅशियम, कॅल्शियम धरून ठेवतात ते मुख्यतः हेच. वाळूच्या हातून सगळं निसटतं. ओली माती अंगठ्याने बोटावर दाबत पुढे सरकवून पाहा. लांब पट्टी निघाली तर चिकण जास्त. लगेच तुटली, खरखरली, तर वाळू. आणि ह्युमस, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा मातीतला काळसर अंश? त्याचा तर लेखात साधा उल्लेखही नाही!