होडी आपटली ते आपटली, वर मामा बोलला

मामाच्या होडीच्या विम्याचा क्लेम अखेर पास झाला. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, तोंडावर पैसे जमा झाले म्हणून मामी खूश आहे. मी नाही. मे महिन्यापासून या क्लेमचे सगळे कागद मी केलेत, आणि शेवटी आलेला आकडा बघून माझं जे डोकं फिरलंय ते कंपनीवर थोडं आणि आमच्याच माणसांवर जास्त. आम्हा होडीवाल्यांना (मी भाची, म्हणजे अर्धी होडीवालीच) एक विचित्र खोड आहे. जे लपवायची काही गरज नाही ते लपवतो, आणि जे आपल्यालाच धड माहीत नाही ते छातीठोकपणे सांगून मोकळे होतो.

होडी चोवीस फुटांची, फायबरची. गोव्यातल्या शापोऱ्याहून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेते. गुडघे गेल्यापासून मामा जेटीवर बसून तिकिटं फाडतो आणि होडी पगारी तांडेल चालवतो. लायसन्सवाला आहे, हे आधीच सांगते. मेच्या शेवटच्या आठवड्यात, सांजवेळी ओहोटीला परत येताना, नदीच्या तोंडाशी होडी वाळूच्या दांड्यावर चढली. तिथली रेती कोणाच्या बापाची नाही. कालची वाट आज असेलच असं नाही. (मांडवीच्या तोंडाशी तर २०१७ च्या जुलैमध्ये लकी सेव्हन हे अख्खं कॅसिनो जहाज मिरामारच्या रेतीत जाऊन बसलं होतं. तिथे आमच्या चोवीस फुटांची काय कथा.) तांडेल घाबरला, त्याने जोरात रिव्हर्स मारला, होडी गिरकी घेऊन मागच्या अंगाने बुडालेल्या खडकावर बसली. इंजिनाचा पाण्यातला पंखा (प्रोपेलर) तुटला, इंजिनाचा खालचा पाय तडकला, बुडाला हातभर चीर. मागे अडकवलेलं जादाचं छोटं इंजिन धक्क्याने निसटून पाण्यात गेलं ते गेलंच. सहाही पर्यटक लाइफ जॅकेट घालून होते, त्यांचं गुडघे भिजण्यावर भागलं. तांडेलाने दुसऱ्या होडीला दोर टाकून आमची होडी मोरजीच्या बाजूला रेतीवर ओढून घेतली, नाहीतर ती तिथेच भरली असती.

मला फोन आला तो दुसऱ्या दिवशी अकरा वाजता.

"मामा, विमा कंपनीला कळवलंस?"

"कळवूया गो. आधी होडी पाण्यात घालूया, शनिवार-आयताराची बुकिंगं आहेत."

मी स्कूटर काढून पोचले तेव्हा फायबरवाला ग्राइंडर घेऊन चीर घासायला बसलाही होता. तो बंद करायला लावला. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, बघायच्या आधी चीर बुजवली की क्लेमही बुजला. आणखी नुकसान होऊ नये एवढंच तेवढ्यात करायचं: पाणी उपसा, ताडपत्री घाला, इंजिन गोड्या पाण्याने धुवा. ते मात्र केलंच पाहिजे, कारण नुकसान वाढू न देणं ही मालकाचीच जबाबदारी असते. त्याची बिलं जपायची. आम्ही दोराच्या होडीवाल्यालासुद्धा पावती लिहून द्यायला लावली, त्याने आयुष्यात पहिल्यांदा पावती लिहिली असावी.

मग विचारलं, तुटका पंखा कुठे आहे?

भंगारवाल्याला दिला.

म्हापशाला जाऊन अॅल्युमिनियमच्या ढिगातून तो पंखा मी हाताने शोधून काढला. दोन पाती पिळून आत वळलेली, तिसरं मुळातून उडालेलं, आणि मोडलेल्या कडेत खडकाची पांढरी पूड अजून रुतलेली. माझ्या दृष्टीने तो अपघाताचा एकमेव प्रामाणिक साक्षीदार होता. भंगारवाल्याने मामाकडून १८० रुपयांना घेतलेला, मला ४०० ला विकला.

त्याच दिवशी कंपनीला फोन, फोनमागून ईमेल, पोलीस ठाण्यात लेखी, कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे (बंदर खात्याकडे) लेखी. यात सांगण्यासारखं काही नाही, दिवस जातो एवढंच. खरी लढाई क्लेमचा फॉर्म भरताना झाली. "अपघात कसा झाला" या रकान्यात मामा आणि तांडेल दोघांनाही "अचानक मोठी लाट आली" असं लिहायचं होतं. त्या संध्याकाळी पाणी कसं होतं ते सहा पर्यटकांच्या मोबाइलमध्ये व्हिडिओसकट आहे! पण आमच्या जेटीवर पक्की समजूत आहे, तांडेलाची चूक कबूल केली की क्लेम गेला.

साफ चूक. सागरी विम्याचा आपला कायदा १९६३ चा आहे. त्याच्या कलम ५५ मध्ये सरळ म्हटलंय की नुकसान विम्यात धरलेल्या धोक्यामुळे झालं असेल, तर तांडेल-खलाशांच्या हलगर्जीपणामुळे ते ओढवलं या कारणावरून विमा कंपनी हात झटकू शकत नाही, पॉलिसीत वेगळं लिहिलेलं नसेल तर. मालकाने जाणूनबुजून केलेलं नुकसान मात्र चालत नाही. बिनलायसन्सचा माणूस सुकाणूवर बसवला असेल तर तीही वेगळी गोष्ट. पण ओहोटीला वाट चुकणं, घाबरून रिव्हर्स मारणं, असल्या माणसाच्या चुका होतातच, विमा त्यासाठीसुद्धा असतो. उलट खोटी लाट लिहिली आणि ती पकडली गेली, तर खरं नुकसानही खोट्यात जमा होतं. मी जे झालं तेच लिहिलं. तांडेल दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. कंपनीने त्या रकान्याबद्दल शेवटपर्यंत एक प्रश्न विचारला नाही.

आता दुसरी बाजू. सर्व्हेअर आला. सभ्य माणूस, चप्पल काढून होडीत चढला. खिशातून पाच रुपयांचं नाणं काढून त्याने बुडावर टिचकी मारल्यासारखं वाजवायला सुरुवात केली. चिरेपासून लांब टण टण वाजायचं, जवळ आलं की आवाज बद व्हायचा, म्हणजे आतले फायबरचे थर सुटलेत. जिथे आवाज बदलला तिथे खडूने रेघ. हातभर चीर बघता बघता दीड हात लांब-रुंद झाली. मी मनात म्हटलं, हा माणूस आपल्या बाजूचा आहे. खरं तर तो कोणाच्याच बाजूचा नव्हता, आणि तसंच असायला हवं.

मग तो इंजिन लटकवतो त्या मागच्या फळीशी आला. ती फायबरमध्ये बंद असते, आत प्लायवूड. बाहेरून तडा दिसत होता. त्याने सहज विचारलं, "ही कधीची?"

आणि मामा बोलला. "जुनीच हो ती. आतून कुजलेली असणार. इतकी वर्षं खारं पाणी पितेय, काय राहणार?"

मामाने ती फळी कधी उघडून बघितली नव्हती. कोणीच नव्हती. हे आपलं गोंयकारी बोलणं. घरी पाहुणा आला की "जेवण काही खास नाही" म्हणायचं, त्याच चालीवर. पण सर्व्हेअर पाहुणा नसतो. त्याने वहीत लिहून घेतलं. रिपोर्टात आलं: मागची फळी, जुनी कूज, मालकाच्या सांगण्यानुसार. वापराने होणारी झीज विम्यात येत नाही, तेच कलम ५५ हेही सांगतं. फळीचे ३८,००० रुपये एका वाक्यात गेले. दुरुस्तीला फळी उघडली तेव्हा एका कोपऱ्यात चार बोटं ओल होती. बाकी लाकूड कोरडं ठणठणीत, आणि आपटल्याने उभं चिरलेलं.

हिशेब सांगते. दुरुस्तीचं एकूण बिल १,८४,०००. फळी वजा, उरले १,४६,०००. पुढचा घाव आम्हीच घालून ठेवलेला. होडीची किंमत आठ लाख असताना हप्ता कमी यावा म्हणून मामाने एजंटला सहा लाखांचा विमा काढायला सांगितलं होतं. आमच्या पॉलिसीप्रमाणे मग नुकसानही त्याच प्रमाणात, म्हणजे पाऊणपट: १,०९,५००. त्यातून सुरुवातीचे १०,००० मालकाने सोसायचे, उरले ९९,५००. आणि तो पंखा, माझा साक्षीदार, त्याचे भंगाराचे ३०० कापले. हातात ९९,२००.

पाण्यात गेलेल्या छोट्या इंजिनाचं शून्य. निसटून पाण्यात पडलेलं आउटबोर्ड इंजिन विम्यात धरलेलं नाही असं पॉलिसीत स्वच्छ लिहिलंय, बारीक अक्षरात. एजंटने हे सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं, पण पॉलिसी विकणाऱ्याने निदान एवढं एक पान मराठीतून वाचून दाखवावं ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही. हप्त्याची आठवण तर तो बरोबर मराठीत करतो.

फळीचं मी सोडलेलं नाही. उघडलेल्या लाकडाचे फोटो, सुताराचं लेखी म्हणणं आणि बिल जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र गेलंय. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाणार. गोव्याच्या तक्रारी पुण्याच्या कार्यालयाकडे जातात, फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा १५५२५५ हा नंबरही फ्रिजवर चिकटवलाय.

काल एजंट नव्या वर्षाची पॉलिसी घेऊन आला. मामीने चहा आणि नेवऱ्या पुढे केल्या. मी आठ लाखांचा आकडा लिहायला लावला. त्याने कप खाली ठेवत मामाला विचारलं, "मग, होडीची तब्येत काय म्हणते आता?"

मामाने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "कागद भाचीकडे आहेत. तिला विचारा."