14 इंची जुन्या बँडसॉबद्दलच्या आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार महोदय,

फेब्रुवारीत आमच्याकडून घेतलेल्या जुन्या बँडसॉला (वर-खाली असलेल्या दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याने लाकूड कापणाऱ्या मशीनला) एक तारा देऊन आपण जे लिहिले, ते मी दोनदा वाचले आणि आमच्या दोन्ही कारागिरांना समोर बसवून वाचून दाखवले. आपले म्हणणे थोडक्यात असे, की मशीन थरथरते, पाते रेघ सोडून डावीकडे जाते, दीड महिन्यात दोन पाती तुटली, फोन केल्यावर आमचा माणूस नवव्या दिवशी आला, आणि एकंदरीत हा भंगाराला रंग मारून विकण्याचा प्रकार आहे. गेल्या रविवारी मी स्वतः आपल्या घरी येऊन मशीन उघडले, त्यामुळे पुढे लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेले आणि हाताने तपासलेले आहे.

थरथरीचा दोष पूर्णपणे आमचा आहे. खालच्या चाकाच्या रबरावर बसलेला भुशाचा थर खरवडून मी अंगठा फिरवला, तेव्हा एका जागी दोन बोटे रुंदीचे रबर दबून बसलेले हाताला लागले, आणि त्याच्या शेजारची कड चाकापासून सुटून नखाने उचलता येईल इतकी फुगली होती. हे मशीन आमच्याकडे येण्यापूर्वी लकडगंजमधील एका बंद दुकानात जवळपास चार वर्षे पात्याचा ताण न सोडता उभे होते. ताणलेले पाते एवढा काळ एकाच ठिकाणी दाबून राहिले की रबर तिथे कायमचे बसते. वरच्या चाकाचे रबर आम्ही बदलले, पण खालचे दिसायला बरे होते म्हणून 'अजून चालेल' असे ठरवून तसेच ठेवले, आणि चाचणी हिंगण्याच्या आमच्या शेडमध्ये फेब्रुवारीच्या गार सकाळी घेतली. आपले वर्कशॉप गच्चीवर, पत्र्याखाली आहे. नागपूरच्या एप्रिलमधील दुपारी तिथे जो ताव असतो, त्यात जुन्या रबराखालचा गोंद धरून राहणार नव्हता. एवढी वर्षे याच गावात काम करणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. आपण उन्हाळ्यात मशीन चालवणार हे आम्हाला ठाऊक होते.

पाती तुटण्याचा यातील काही भागाशी थेट संबंध आहे, म्हणून हिशेब मांडतो. चाक मिनिटाला साधारण 800 फेरे घेते. 14 इंची चाकाचा परिघ 44 इंच आणि आपले पाते 93.5 इंची, म्हणजे पात्याचा प्रत्येक भाग सेकंदाला सहापेक्षा थोडे अधिक वेळा पूर्ण चक्कर मारतो, आणि दर चकरीत दोन्ही चाकांवर एकेकदा वाकून पुन्हा सरळ होतो. तासाभर मशीन चालले तर हे वाकणे सुमारे 45 हजार वेळा होते. चांगले पाते हे सोसते, पण खालचे चाक सेकंदाला तेरा वेळा उडी मारत असेल, तर पात्याचा सर्वांत कच्चा भाग आधी जातो. आपण जपून ठेवलेले दोन्ही पात्यांचे तुकडे मी भिंग लावून पाहिले. पहिले पाते, जे मशीनसोबत आम्ही दिले होते, ते वेल्डच्या सांध्यावर काच तुटावी तसे सरळ तुटले आहे. सांधा जोडल्यावर तो पुन्हा मंद तापवून हळूहळू थंड करावा लागतो, नाहीतर तो कडक राहतो आणि वाकताना तडकतो. त्या पात्याच्या बाबतीत हे नीट झालेले नाही, आणि सांधा आमच्याच दुकानात जोडला होता. त्या पात्याची किंमत आपल्याला परत केली आहे.

दुसऱ्या पात्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मी सांभाळून लिहितो, कारण त्यातही आमची चूक आहे, पण मशीनची नाही. ते पाते सांध्यावर नव्हे, तर दोन दात्यांमधील खोबणीच्या तळापासून चीर जाऊन तुटले आहे आणि त्या जागी निळसर जळकट डाग आहे. आपण ते बाजारातून घेतले, इंचाला 14 दाते असलेले, आणि त्याने 6 इंच जाडीची सागवानाची चौकट उभी चिरली. इतके बारीक दाते एवढ्या जाड लाकडात भुसा बाहेर टाकू शकत नाहीत. खोबणी भरते, पाते कापण्याऐवजी घासते आणि तापते. अशा लाकडाला इंचाला 3 किंवा 4 दाते असलेले पाते लागते. मात्र आपण फोनवर विचारले तेव्हा आमच्या मुलाने 'लांबी बरोबर असली की कोणतेही चालेल' असे सांगितले होते, हे आपण लिहिले आहे आणि त्यानेही मान्य केले आहे. हे उत्तर चुकीचे होते. त्या पात्याचे पैसेही आम्ही देऊ.

पाते डावीकडे जाण्याबाबत मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. दुसऱ्या पात्याच्या तुकड्यावर उजवीकडे वळलेल्या दात्यांची टोके एका ओळीत बोथट झालेली आहेत, डावीकडची शाबूत आहेत, आणि पाते नेहमी धार राहिलेल्या बाजूला ओढले जाते. आपण नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्याची चौकट आणून तिच्या फळ्या काढत होता. त्या चौकटीच्या उरलेल्या तुकड्यात मला मोडक्या खिळ्याचे गंजके टोक दिसले, ते मी आपल्याला दाखवलेही. त्याशिवाय चांगल्या सागवानात सिलिका असते आणि ती कोणत्याही पात्याची धार लवकर खाते. हा मशीनचा दोष नाही, पण जुने लाकूड कापण्यापूर्वी चुंबक फिरवून खिळे शोधावेत, आणि पात्याला सरळ धरून ठेवणारा वरचा गाईड लाकडाच्या अगदी वर, पाव इंचाच्या आत ठेवावा, हे मशीन देताना पंधरा मिनिटे थांबून दाखवायला हवे होते. आमच्या माणसाने मशीन टेकवले, बटण दाबून दाखवले आणि तो निघाला.

नऊ दिवसांच्या उशिराला माझ्याकडे सबब नाही. आमचा फिटर चंद्रपूरला होता, पण आपल्याला तसे कळवायला एक फोन पुरेसा होता.

रंगाबद्दल आपण जे लिहिले ते मनाला लागले, म्हणून या मशीनवर काय झाले ते सांगतो. चारही बेअरिंग नवी आहेत, तीन फेजची मोटर काढून घरच्या जोडणीवर चालेल अशी एक फेजची मोटर तांब्याच्या तारेत भरून बसवली आहे, बेल्ट नवा आहे, आणि बिडाच्या टेबलावरचा गंज रॉकेल व पॉलिश पेपरने दोन दिवस घासून काढला आहे. रंग त्यानंतर चढला. हे सगळे करूनही एका रबराने मशीन बिघडवले असेल, तर ग्राहकाला रंगच दिसणार, हे मला समजते.

रविवारी दोन्ही चाकांना नवे रबर बसवले, दोन्ही चाके सरळ पट्टी लावून एका रेषेत आणली आणि इंचाला 4 दाते असलेले नवे पाते चढवले. रबराचा गोंद पूर्ण सुकेपर्यंत, म्हणजे येत्या शुक्रवारपर्यंत, मशीन चालवू नये. शनिवारी सकाळी मी त्याच सागवानाच्या तुकड्यावर आपल्यासमोर एक फूट लांब काप घेऊन पाहीन. काप रेघेवर आला नाही किंवा थरथर उरली, तर टेम्पो सोबत असेल. आम्ही मशीन त्याच दिवशी उचलून नेऊ आणि पूर्ण रक्कम आपल्या खात्यात जमा करू. काम संपल्यावर पात्याचा ताण सोडण्यासाठी मागच्या, हाताने फिरवायच्या चाकाला किती वेढे द्यायचे, त्याची खूणही त्याच वेळी रंगाने करून देईन.

आपला,
दुकानाचा मालक