‘आर्टेसुनेट नको, क्विनाइनच मागा’ म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

पावसाळा लागला की हा मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: मेंदूत चढलेल्या मलेरियावर क्विनाइन हेच खात्रीचं औषध, आर्टेसुनेटची इंजेक्शनं म्हणजे बिल फुगवायचा धंदा, गरोदर बाईला ती चालत नाहीत, गावात सुई टोचून घेऊ नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि तिथं सलाईन भराभर चढवून घ्या, ताप उतरला की औषधं बंद, शिवाय आर्टेसुनेटनं रक्त नासतं. खाली अर्थातच ‘जनहितार्थ’. यातलं शेवटचं विधान अर्धं खरं आहे. बाकीचं जिवावर बेतणारं आहे.

क्विनाइनची पुण्याई कुणी नाकारत नाही. सिंकोना झाडाच्या सालीतून १८२० मध्ये ते वेगळं काढलं गेलं आणि पुढे कित्येक पिढ्या त्यानं माणसं वाचवली. पण ही दोन औषधं समोरासमोर ठेवून तपासून झालेली आहेत. बांगलादेश, भारत, इंडोनेशिया आणि म्यानमारमधल्या १४६१ गंभीर रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये आले. ओडिशातल्या राउरकेल्याच्या इस्पात जनरल हॉस्पिटलमधले रुग्णही त्यात होते. क्विनाइन मिळालेल्या दर शंभरातले २२ दगावले, आर्टेसुनेट मिळालेल्यांतले १५. मग आफ्रिकेतल्या नऊ देशांत ५४२५ मुलांवर तीच तुलना झाली. २०१० मध्ये कळलं की तिथंही मृत्यू १०.९ टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी २००६ मध्ये आणि मुलांसाठी २०११ मध्ये आर्टेसुनेटला पहिली पसंती दिली ती यामुळे. क्विनाइन आता आर्टेसुनेट मिळतच नसेल तेव्हासाठी.

हा फरक का पडतो? फाल्सिपेरम या सर्वांत घातक मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत वाढतो. तो जून झाला की ती पेशी चिकट होते आणि मेंदूतल्या, किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसते. बेशुद्धी, झटके, लघवी बंद होणं यामागे हे तुंबणं असतं. क्विनाइनचा मारा मुख्यतः जून परजीवींवर. आर्टेसुनेट कोवळ्या परजीवींनाही गाठतं, म्हणजे पेशी भिंतीला चिकटण्याआधीच.

आता ‘धंदा’. क्विनाइनचा प्रत्येक डोस सलाईनमधून चार-चार तास थेंबाथेंबानं सोडावा लागतो, दर आठ तासांनी. भरकन गेलं तर बीपी कोसळतं, हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तातली साखर तर इतकी उतरते की रुग्ण मलेरियानं बेशुद्ध आहे की साखरेनं, हे साखर तपासल्याशिवाय कळत नाही. आर्टेसुनेटची कुपी असते ६० मिलिग्रॅम पांढऱ्या पावडरीची. सोबतच्या एक मिलिलिटर बायकार्बोनेटमध्ये ती विरघळवायची, द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं की पाच मिलिलिटर सलाईन घालायचं आणि शिरेतून काही मिनिटांत देऊन टाकायचं. पहिल्या दिवशी सुरुवातीला आणि बारा तासांनी, मग चोवीस तासांनी, पुढे रोज एकदा. रात्रपाळीला एकच सिस्टर असलेल्या ग्रामीण रुग्णालयात यातलं काय झेपेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

गरोदरपणाचा मुद्दा तर उलटाच आहे. मलेरिया गंभीर असेल तर कितवाही महिना असो, आर्टेसुनेटच द्यायचं. क्विनाइननं साखर उतरण्याचा धोका गरोदर बाईला उलट जास्तच.

‘गावात सुई नको’ वाचून मला भामरागड आठवतं. गडचिरोलीतल्या या भागात फाल्सिपेरम ठाण मांडून आहे आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. रुग्ण बरळतोय, झटके येताहेत, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नाही, लघवी काळपट झालीय, अशा वेळी मोठं हॉस्पिटल गाठेपर्यंत औषधाविना काढलेले तासच घात करतात. पहिला डोस जिथं मिळेल तिथं, हवं तर मांडीत, आणि मग गाडीत घालायचं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी गुदद्वारातून द्यायची आर्टेसुनेटची कॅप्सूलही आहे, पण ती वाटेपुरती. तेवढ्यावर घरी थांबायचं नाही.

भराभर सलाईन हा आपल्याकडचा जुनाच हट्ट. ‘दोन बाटल्या लावा, तरतरी येईल.’ गंभीर मलेरियात फुप्फुसात पाणी भरायला वेळ लागत नाही. केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या तापानं अत्यवस्थ झालेल्या मुलांवर, ज्यांतल्या निम्म्याहून अधिकांना मलेरिया होता, हे तपासलं गेलं. २०११ चा तो निकाल: एकदम सलाईन दिलेल्यांत ४८ तासांत १०.५ टक्के मृत्यू, न दिलेल्यांत ७.३.

ताप उतरला की औषध बंद? आर्टेसुनेट झपाट्यानं काम करतं आणि तितक्याच झपाट्यानं शरीरातून निघून जातं. उरलेसुरले परजीवी पुन्हा वाढतात. म्हणून इंजेक्शनं किमान चोवीस तास, आणि रुग्ण गिळू लागला की एसीटीच्या, म्हणजे आर्टेसुनेटच्या गटातलं औषध आणि जोडीला दुसरं मलेरियाविरोधी औषध अशा गोळ्यांचा तीन दिवसांचा पूर्ण कोर्स.

राहिलं ‘रक्त नासतं’. आर्टेसुनेटनं मेलेला परजीवी प्लीहा तांबड्या पेशीतून अलगद उपसून काढते आणि पेशी पुन्हा रक्तात सोडते. या डागडुजी केलेल्या पेशी अल्पायुषी असतात. परजीवींची संख्या फार असेल तर अशा पेशीही फार, आणि त्या उपचारानंतर एक ते चार आठवड्यांच्या दरम्यान एकदमच फुटू लागल्या तर हिमोग्लोबिन घसरतं. काहींना रक्तही चढवावं लागतं. पण हे घडतं वाचलेल्या माणसाला, आणि त्यावर नजर ठेवता येते. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी धाप लागली, डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर तो ‘मलेरियानंतरचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या चार आठवड्यांतल्या हिमोग्लोबिन तपासणीच्या तारखा नसतील, तर तिथंच मागून घ्या.