हे जॅकेट कुठल्या पावसाचं?

मृगाची चाहूल लागली की आमच्या जुन्या ट्रेकर मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण पेटतं. कुणीतरी तीस हजारांचं जॅकेट घालून काढलेला फोटो टाकतो. लगेच पन्नाशीतले सुरू होतात: आम्ही हंटर शूजवर रतनगड केला, पाठीवर कॉलेजचीच सॅक, पावसाला डोक्यावर प्लास्टिक, काही बिघडलं नाही. पोरं म्हणतात, काका, तुमचं नशीब चांगलं होतं, सेफ्टी नावाची काही चीज असते. मग कुणाला तरी जून २०२४ मधली भुशी धरणामागची दुर्घटना आठवते. एक कुटुंबच्या कुटुंब पाण्याच्या लोंढ्यात सापडलं, पाच जण गेले. तिथे कुठलं जॅकेट कामाला येणार होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. तेवढ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या बंदी आदेशाचा फोटो येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगखाली विषय गाडला जातो.

मी हे सगळं कॅनडातल्या व्हँकूव्हरमधून वाचते. हे सामान जिथे तयार झालं, त्या गावातून म्हटलं तरी चालेल. ज्या आर्कटेरिक्सच्या नावाने ग्रुपवर उसासे टाकले जातात, ती कंपनी १९८९ मध्ये समोरच्या नॉर्थ व्हँकूव्हरमध्ये सुरू झाली. आधी कड्यांवर चढणाऱ्यांसाठी हार्नेस शिवायचे, जॅकेटं नंतर आली. आज त्यांच्या सर्वांत दणकट जॅकेटाला इथेच हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागतात. रुपयांत साठ हजारांच्या वर.

सकाळी आठच्या स्कायट्रेनमध्ये, म्हणजे इथल्या मेट्रोत, ही जॅकेटं डोंगरावर दिसतात त्यापेक्षा जास्त दिसतात. परवा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या जॅकेटाची टोपी हेल्मेटवरून ओढता येईल एवढी मोठी होती. काखेत हवेसाठी चेन. आणि आत कुठेतरी एक छोटा रिफ्लेक्टर शिवलेला, बर्फाच्या कड्याखाली माणूस गाडला गेला तर बचावपथकाला यंत्राने शोधता यावा म्हणून. गृहस्थ डाउनटाउनच्या एका कचेरीत निघाले होते. मधल्या काळात तर ही जॅकेटं घालून शॉवरखाली उभं राहायचं आणि पाण्याचे थेंब कसे घरंगळतात त्याचा व्हिडिओ टाकायचा, अशीही टूम निघाली होती.

हसायला सोपं आहे. पण इथल्या नोव्हेंबरात चार-पाच डिग्रीत दिवसभर पाऊस रिपरिपत असतो, आणि त्यात भिजलेला माणूस डोंगरावर अडकला तर पावसाने नाही, थंडीने मरतो. शहराला लागूनच डोंगर आहेत, स्पोर्ट शूजवर चढायला निघालेले उत्साही जीव इथेही आहेत. त्यांना खाली आणायला नॉर्थ शोअर रेस्क्यूचे स्वयंसेवक १९६५ पासून जाताहेत, एक पैसा न घेता. त्यांचं सांगणं साधं असतं: कुठे चाललात ते घरी सांगून जा, डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, अंगावर चढवायला एक जादा कपडा ठेवा. कंपनीचं नाव त्यात कुठे नसतं. म्हणजे कचेरीतले ते गृहस्थ पैसे जास्त मोजत असतील, पण निदान त्यांच्या पावसासाठी बनलेली वस्तू घालून हिंडताहेत.

आमच्या ग्रुपवर ही गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही. सगळं भांडण किमतीवर आणि शायनिंगवर. वस्तू कुठल्या हवेसाठी बनली, हा प्रश्नच नाही.

या जॅकेटांच्या कापडात एक पातळ पडदा असतो. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ ताणून तो बनवण्याची युक्ती शोधली. त्याची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. जाते कधी, तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी असेल तेव्हा. आता जुलैमधला कळसूबाई डोळ्यांपुढे आणा. बारी गावातून निघालात, पंचविसाच्या आतबाहेर तापमान, ढग अंगावरून चाललेत, हवेत आणखी थेंबभर ओल मावणार नाही. वाफेने जायचं कुठे? पहिल्या शिडीपर्यंत माणूस घामाने आतून निथळत असतो. एवढे पैसे खर्चून तुम्ही भिजताच, फक्त गरम पाण्याने. शिवाय वरचा पाणी झटकणारा लेप मळला की कापड पाणी धरतं. धुवून, ड्रायरमध्ये फिरवून तो पुन्हा जागा करावा लागतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. त्या लेपातली पिढ्यान्‌पिढ्या नष्ट न होणारी रसायनं हा आणखी वेगळा विषय. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून बहुतेक कपड्यांत त्यांवर बंदी घातली आहे.

त्याच वाटेच्या कडेच्या खाचरांत आवणी चाललेली असते. वाकलेल्या बायांच्या पाठीवर इरलं. पूर्वी बांबूच्या कामट्या आणि पानांचं असायचं, आता वर प्लास्टिक. पाठ झाकलेली, पोट आणि हात मोकळे, खालून वारा खेळतोय. गुराखी पोरगा युरियाच्या गोणीची खोळ करून डोक्यावर घेतो, थंडी वाजली तर घोंगडीची. या पावसाला हेच लागतं, वर आडोसा आणि खाली मोकळी हवा. साध्या छत्रीलासुद्धा ते कळतं. वाऱ्यात ती उलटते हा तिचा दोष, पण तत्त्व बरोबर आहे.

बुटांचं तर हसू येतं. युरोपातल्या वाटांसाठी बनलेला कडक तळ आपल्या शेवाळलेल्या बेसाल्टवर साबणासारखा सटकतो. आपली अर्धी ट्रेकर जमात ॲक्शनच्या साध्या ट्रेकिंग बुटावर श्रद्धा ठेवून आहे ती उगाच नाही. मऊ रबर, ओल्या कातळाला चिकटतं. इंपोर्टेड बुटाच्या एका जोडीत घरातल्या सगळ्यांना येईल. पण फोटोत चांगला दिसत नाही, हेही खरंच.

म्हणून पन्नाशीतल्यांचंही मला पुरतं पटत नाही. “काहीच लागत नाही” हे खोटं आहे. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर रात्र काढलेल्याला विचारा. पावसाळ्यात टॉर्च, कोरडे कपडे पिशवीत बांधून आणि वाट माहीत असलेला गावातला माणूस, एवढं लागतंच. त्या माणसाचे पैसे देताना मात्र हीच जॅकेटवाली मंडळी घासाघीस करतात.

खरी मेख अशी की चांगलं आणि परवडणारं सामान डोंगरात जाणारी माणसं एकत्र आली की तयार होतं. इथे १९७१ मध्ये विद्यापीठातल्या गिर्यारोहक पोरांनी आणि त्यांच्या मित्रांनी मिळून माउंटन इक्विपमेंट को-ऑप काढली. पाच डॉलरचा शेअर घ्या आणि सभासद व्हा. सहकार म्हणजे काय ते आपल्याला कॅनडाने शिकवायला नको. दोर, तंबू, थंडीचे कपडे तिथून रास्त भावात मिळत. पुढे दुकानं वाढली, सायकली आल्या, योगाचे कपडे आले, तोटा आला, आणि २०२० मध्ये संचालकांनी सभासदांचं मत न घेता ती एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकली. सभासद कोर्टात गेले, काही उपयोग झाला नाही. हे आपल्याकडच्या साखर कारखाने पाहिलेल्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

सह्याद्रीच्या पावसासाठी मुद्दाम विचार करून बनवलेली वस्तू अजून बाजारात फारशी नाही. बसून चर्चा व्हावी ती याची. घाम बाहेर काढणारं, खालून उघडं, सॅकसकट माणूस झाकणारं, वाऱ्यात न उडणारं काहीतरी. इरल्याचीच पुढची आवृत्ती. पुण्यात, नाशकात एवढे इंजिनिअर दर शनिवारी रात्री गाड्या भरून निघतात, त्यांतल्या दोघांनी मनावर घेतलं तरी पुरे.

तोवर मागणी सुरूच राहणार. यंदा डिसेंबरात मी घरी जाणार म्हटल्यावर भाच्याने आर्कटेरिक्सच्या जॅकेटाची लिंक पाठवली, “मावशी, तिकडे सेलमध्ये बघ ना.” मी विचारलं, “अरे, घालणार कुठे?” तर म्हणाला, “ऑफिसला. आमच्याकडे एसी अठरावर असतो.”

आता अठरा डिग्री आणि कोरडी हवा म्हटल्यावर मी काय बोलणार? अख्ख्या पुण्यात ते जॅकेट नीट चालेल अशी जागा पोराने बरोबर शोधली आहे.