नाव ठेवण्यापूर्वी पोर्टल बघा

मुलीला बारावीत घसघशीत गुण पडले? पेढे मागाहून. आधी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल उघडा. केंद्रीय शिक्षण मंत्रालय फार उदार आहे हो. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत पोर वरच्या वीस टक्क्यांत असेल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीची तीन वर्षं दर वर्षाला १२,००० रुपये. एवढ्या घबाडासाठी थोडी तपश्चर्या नको?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मुलीनं योग्य स्पेलिंगच्या घरात जन्म घ्यावा. तुम्ही गोव्याचे नाईक असाल तर ही पहिलीच चूक. जन्मदाखल्यावर आजोबांच्या कागदांतून उतरलेलं, पोर्तुगीज वळणाचं, 'क्यू-यू-ई'त संपणारं नाईक. दहावीच्या मार्कलिस्टवर 'के'त संपणारं. आधारवर मध्ये वडिलांचं नाव, बँकेच्या पासबुकावर नुसतं आद्याक्षर. तुम्हाला ही एकच मुलगी वाटते, पोर्टलला चार दिसतात. मग आधार दुरुस्त करा. पण जपून, नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मार्कलिस्ट दुरुस्त करायला बोर्डाला जन्मदाखला दाखवा, आणि जन्मदाखल्यातच घोळ असेल तर उपनिबंधकाच्या दारात बसा. नावं बदलण्यासाठी गोव्याचा १९९० चा स्वतंत्र कायदाच आहे, सोय नाही असं कोण म्हणतं? मंत्रालयाकडून शिका जरा. १९८५ मध्ये ते 'शिक्षण'चं 'मनुष्यबळ विकास' झालं, २०२० मध्ये परत 'शिक्षण'. त्यांचेही दोन चान्स संपले म्हणायचे. पण त्यांना कुणी प्रतिज्ञापत्र मागितलं नाही.

पोर्टलवर नोंदणी करताना चेहरा पटवण्यासाठी मोबाइलवर एक नव्हे, दोन अ‍ॅप लागतात. घर सत्तरी तालुक्याच्या आतल्या भागात असेल तर रेंजसाठी डोंगर चढायची तयारी ठेवा.

'वन टाइम रजिस्ट्रेशन'चा, म्हणजे एकदाच करायच्या या नोंदणीचा, चौदा आकडी क्रमांक मिळाला की कॉलेज निवडताना त्याचा 'सी'नं सुरू होणारा कोड ताडून बघा, कारण सारख्या नावाचं शेजारचं कॉलेज निवडलंत तर अर्ज तिकडे जाऊन निवांत झोपतो.

उत्पन्नाचा दाखला मामलेदाराकडचा. चतुर्थीच्या सुट्टीआधी काढा.

बँकेच्या खात्याबद्दल कुणी धड सांगत नाही, म्हणून नीट ऐका. खात्याला आधार 'जोडलेलं' असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या, नोंदीत आधारसमोर ते खातं असणं (याला 'सीडिंग' म्हणतात) वेगळं. पैसे दुसऱ्या नोंदीप्रमाणे जातात, म्हणजे सर्वांत शेवटी ज्या बँकेत हे सीडिंग केलं तिथे. अर्जात कुठलं खातं लिहिलंय याला फारशी किंमत नाही. गावच्या क्रेडिट सोसायटीतलं खातं चालत नाही. शाळेत असताना उघडलेल्या खात्यात दोन वर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय ठरू शकतं, मग पैसे अडकण्याची भीती. तेव्हा बँकेत जाऊन 'केवायसी झालंय का' विचारू नका. 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालंय का' असंच विचारा. समोरचा 'होय' म्हणाला तर तारीखही विचारा.

मग अर्ज तपासणारे कॉलेजातले नोडल अधिकारी. हे बहुधा इतिहास नाहीतर रसायनशास्त्र शिकवणारे सर असतात. कॉलेजला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फायली, क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफची आकडेवारी, विद्यार्थ्यांचे गुणांक साठवणाऱ्या क्रेडिट बँकेतल्या 'अपार' या बारा आकडी ओळख क्रमांकाच्या नोंदी, सगळं त्यांच्याच गळ्यात. उरलेल्या वेळात तुमचा अर्ज. 'डिफेक्ट', म्हणजे त्रुटीचा शेरा मारून त्यांनी अर्ज परत धाडला तर त्यांच्यावर डाफरू नका. तो माणूसही त्याच पोर्टलचा बळी आहे.

आणि शेरा काय येतो? 'नाव जुळत नाही.' कुठल्या कागदातलं, कुठल्या कागदाशी, कुठलं अक्षर, काही नाही. अहो, काय चाललंय हे? ओटीपी घेता, आधार घेता, कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला लावून चेहरा घेता, आणि ती मुलगी तीच आहे याची खात्री झाल्यावर एका 'क्यू'साठी तिला अनोळखी ठरवता? आडनावांची पोर्तुगीज स्पेलिंगं काही काल उगवली नाहीत, साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे. दोन स्पेलिंगं एकाच व्यक्तीची, एवढं मान्य करणारा एक रकाना टाकायला कुणाचा हात धरलाय? चूक नेमकी कुठे ते एका ओळीत सांगता येत नाही तर तपासता कशाला? हेल्पलाइन म्हणते कॉलेजला विचारा, कॉलेज म्हणतं बोर्डाला विचारा, बोर्ड म्हणतं आमचं बरोबर आहे. पोरीनं लेक्चरला बसायचं की पणजीच्या बसला?

तोवर मुदत संपते. पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करता येत नाही, कारण ही शिष्यवृत्ती बारावी पास झाल्याच्याच वर्षी धरावी लागते. एका 'क्यू'चे ३६,००० रुपये.